माणसाची राखण

धान कापून झालं की आमच्याकडच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वावरांना, एक वास सुटतो. ओल्या मातीचा नव्हे. तो आषाढातला, आणि त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हा वास कोरडा, जरासा गोडसर, नाकात धूळ घेऊन येणारा. कापलेल्या धानाच्या ओळी, म्हणजे कडपा, उन्हात वाळत पडल्या की दुपारच्या वाऱ्यावर तो घरापर्यंत येतो. आता कापणीला यंत्र येतं, परप्रांतातला ड्रायव्हर कानात गाणी घालून बसतो आणि जेवायच्या आत वावर मोकळं करून जातो. तरी वास तोच आहे. तो आला की माझे खांदे दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणते, कौसल्याबाईंचा हंगाम आला.

काल शेजारची सून आली होती. तिचा भाऊ तिकडे पुण्यात, चांगल्या नोकरीत, आणि खोलीचं दार लावून बसलेला. जेवत नाही, फोन घेत नाही. एकदा घेतला तर म्हणाला, आता हे सगळं थांबवावंसं वाटतं. ती आजच्या गाडीनं निघणार होती. मला म्हणाली, "काकू, मी जाईन, पण त्याच्याशी बोलू काय? माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं तं?" मी चहा केला. ती गेल्यावर कप तसाच घेऊन ओट्यावर बसले आणि तो वास आला.

कौसल्याबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. ही गोष्ट सत्तरचं दशक सरता सरताची. मोहाडी तालुक्यात, आंधळगावच्या अलीकडे आमचं गाव. घरी सासू, सासरे म्हणजे मामाजी, भासरे म्हणजे माझे मोठे दीर, आमचे हे आणि आम्ही दोघी जावा. दोघींमध्ये काही दुधात साखर नव्हती. मी दहावीपर्यंत शिकलेली, त्या चौथीत शाळा सोडलेल्या, आणि हे त्या मला विसरू देत नसत. पहिल्या वर्षी मी विळा धरला तर साऱ्या बायांसमोर म्हणाल्या, "हे विमल धान कापून राहिली का धानाची हजामत करून राहिली?" कापणीत त्यांच्या पुढे कोणी जायचं नाही. माझी ओळ अर्धी व्हायच्या आत त्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसून भेदराच्या चटणीशी भाकर खात असायच्या. भेदरं म्हणजे टमाटे. त्यांच्या हातची ती चटणी मला कधीच जमली नाही, आणि अजून जमत नाही.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. त्यांचं दुखणं आलंही मुंगीच्याच पावलानं. दसरा गेला, दिवाळी आली, आणि कोणाला तारीख सांगता येणार नाही अशा कुठल्यातरी दिवशी कौसल्याबाई कमी झाल्या. आधी चिडणं गेलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, निवळल्या. मग जेवण गेलं, मग वेणी गेली. भात करपायचा आणि त्या चुलीसमोर बसलेल्या असायच्या, नाकाला वास जात नसल्यासारख्या. कोणी मेलं नव्हतं, नवऱ्यानं हात उगारला नव्हता, मुलं धडधाकट. कारण शोधून शोधून सगळे दमले. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे आराम जास्त झाला. एका सकाळी सासूबाई पाण्याला गेल्या तर कौसल्याबाई विहिरीपाशी नुसत्याच उभ्या. हातात घागर नाही. काय करून राहिली विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "मी नसली तं बरं होईन सगळ्याइचं."

सासूबाईंनी त्यांना मनगटाला धरून घरात आणलं, ते मनगट दुपारपर्यंत सोडलं नाही.

त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट होती: ही बाई जगली पाहिजे. बाकी सगळं त्याच्या मागे. पण हंगाम कोणासाठी थांबतो का! बांध्यांत कडपा वाळत होत्या, वरून अवकाळी ढगाची भीती, भारे बांधायचे, भाऱ्यांच्या गंज्या म्हणजे पुंजणे रचायचे, मग बैल फिरवून धान मळायचं, ते चुरणं. भोवतालच्या गावांच्या मंडया, दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झालेल्या, त्यामुळे पाहुणेही येऊन-जाऊन. अशा दिवसांत आमच्याकडे धडधाकट माणसानं घरी बसणं म्हणजे लाजच. आजारी म्हातारीसुद्धा खळ्यावर कोंबड्या हाकायला जाऊन बसते. आणि इथे एका माणसाला सांभाळायला दुसरं एक माणूस घरी हवं होतं.

मामाजींनी तोड काढली. आमच्याकडे कापलेल्या धानाची जागल करतात. ढोरं शिरतात, रानडुकरं येतात, चोरही येतात. म्हणून घराघरातले पुरुष आळीपाळीनं शेतात माळ्यावर बसतात, नजर धानावर ठेवतात, काही हललं की ओरडतात, डबा वाजवतात. मामाजींना जिवापाड जपायच्या वस्तूची राखण करायची ती एकच रीत माहीत होती. त्यांनी तीच कौसल्याबाईंना लावली. विहिरीवर फळ्या टाकल्या, घरातली धारेची अवजारं कुलुपात गेली, मुलं आजोळी गेली. आणि मोहल्ल्यात फिरून त्यांनी ठरवून टाकलं, सकाळी कोण, दुपारी कोण, दिवेलागणीला कोण. कोणी नाही म्हटलं नाही. ज्यांच्याशी आमचं धुऱ्यावरून भांडण होतं त्या घरची बाईसुद्धा आली. ही गोष्ट मी आजही सांगत असते, पण ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना कळायचं नाही की हंगामातली एक दुपार देणं म्हणजे काय देणं होतं.

पण बाया बसायच्या त्या जागलीला बसल्यासारख्याच. पडवीत भिंतीला टेकून, डोळे कौसल्याबाईंवर. त्या उठल्या की, "कुठी चालली वो?" त्या परसात गेल्या की मागून दोघी. त्यांनी नुसता उसासा टाकला तरी शेजारच्या घरातून हाक, "काय झालं? काय झालं?" आणि रिकामं बसवत नाही म्हणून उपदेश. "तुले का कमी आहे वो, सोन्यासारखा नवरा आहे." "मन घट्ट कर." "लेकराइकडं पाह्य." "माया मावशीले असंच झालं होतं, तिनं सोमवार धरले." प्रत्येकीचं मन साफ होतं. प्रत्येकीनं आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं वाक्य आणलं होतं. कौसल्याबाई ऐकत राहायच्या आणि दिवसेंदिवस भिंतीत शिरत गेल्या. शेवटी शेवटी तर त्यांनी हो-नाही म्हणणंही सोडलं. मामाजींना वाटलं, पहारा कमी पडून राहिला. त्यांनी आणखी एक माणूस वाढवलं.

मी सकाळी भाकरी टाकायची, सगळ्यांचं गाठोडं बांधायचं, शेतावर जायचं, मध्येच परत यायचं, त्यांना दोन घास भरवायचा प्रयत्न करायचा, पुन्हा शेतावर. त्या हंगामात मी इतकी थकले की थकवा आहे हेही कळेनासं झालं. एकदा भारा डोक्यावर घेऊन चालता चालता डोळा लागला आणि धुऱ्यावरून बांधीत पडले. बाया हसल्या, मीही हसले, मग रडले. अशा माणसाजवळच्या माणसाचं कोणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर ओरडले असते. एखाद्या दिवशी मनात यायचं, काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे. मग भीती वाटून मी त्यांच्या खोलीत डोकावून यायची.

गिरजा आली ती कुरकुरतच. गिरजा आमच्या मागच्या घरची, बिड्या वळणारी. आमच्याकडे कितीतरी घरांत बिड्या वळतात; मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं आपली चालू. तिचा माल दुसऱ्या दिवशी कारखान्यात जायचा होता. मामाजींनी बोलावलं तर म्हणाली, "मामा, बसाले बसतो, पण सूप घेऊन बसन. हात बांधून बसाले मी काही पाहुणी नाई." मामाजींना ते पटलं नाही. राखणाऱ्यानं दुसरं काम केलं तर राखण कसली! पण दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

गिरजा पडवीत बसली ती कौसल्याबाईंकडे कूस करून, उजेडाच्या बाजूला तोंड करून. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. डोळे सुपात. आणि तोंड सुटलं ते औंदाचे बिडीचे पत्ते कसे फाटके आले इथपासून सासूच्या गुडघ्यापर्यंत. कौसल्याबाईंना तिनं एक प्रश्न विचारला नाही, एक उपदेश केला नाही. तिला काही कळत होतं म्हणून नव्हे. तिला वेळच नव्हता. शिवाय ती स्वतःवरच इतकी वैतागलेली होती की दुसऱ्याचं दुःख काढायला तिच्याकडे जागा उरली नव्हती. मी शेतावरून आले तेव्हा दारातच थबकले. कौसल्याबाई भिंत सोडून थोड्या पुढे सरकून बसल्या होत्या. गिरजानं एक बिडी सुपात टाकली आणि कौसल्याबाई म्हणाल्या, "ते ढिल्ली झाली."

कित्येक दिवसांतलं ते पहिलं वाक्य, आणि तेही खोट काढणारं! मला हसू फुटलं. गिरजाला नाही फुटलं. "मंग तू वळ," ती फणकारली. कौसल्याबाईंनी वळली नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. पण ढिल्ली बिडी गिरजानं उसवून पुन्हा वळली, आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता आली.

पुढे दोन-चार दिवसांनी पोपटाच्या शेंगा सोलत आम्ही दोघी जावा परसात बसलो होतो. पोपट म्हणजे आमच्याकडचा वाल. म्हणजे सोलत मी होते, त्यांच्यासमोर ढीग नुसता ठेवला होता. ऊन पाठीवर होतं. माझं अंग ठणकत होतं, डोकं चालत नव्हतं, आणि ज्या प्रश्नाभोवती अख्खं घर इतके दिवस पाय न वाजवता फिरत होतं तो माझ्या तोंडातून सुटून गेला. शहाणपणानं नव्हे, थकव्यानं.

"बाई, तुमाले मरावं वाटते का?"

विचारलं आणि शेंग हातातच राहिली. वाटलं, विचारून आपणच त्यांच्या डोक्यात भरवलं. कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेंगांकडे बघत म्हणाल्या, "हो."

मग म्हणाल्या, "रोज वाटते. सकाळी जास्ती."

मी हातातली शेंग सोलली. आणि त्या एकदम म्हणाल्या, "मी का धानाचा पुंजणा आहो वो, मले असं राखाले? सारे पाहून राहिले माह्याकडं. विचारून कोणी नाई राहिलं."

"आता विचारलं ना."

"हो. आता विचारलं."

त्यांचे खांदे खाली आले. मी ते डोळ्यांनी पाहिलं. इतके दिवस कानांपर्यंत ओढून धरलेले ते खांदे होते हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "सकाळी वाटलं की मले उठवत जा. मी काही करू शकणार नाई, पण उठन." त्यांनी एक शेंग उचलून सोलली आणि दाणा माझ्या टोपलीत टाकला.

ते मी रात्री आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी भासऱ्यांना. भासरे तोवर मुके झाले होते. दिवसभर शेतात राबायचे आणि घरी आले की बायकोच्या खोलीसमोरून मान खाली घालून जायचे. आता म्हणाले, नागपूरला नेतो. घरात वादळ. मामाजी म्हणाले, "पागलखान्यात नेतू का सुनेले? उद्या पोरीच्या लग्नात लोकं काय म्हणतीन?" यावर सासूबाई, ज्या मामाजींसमोर कधी बोलत नसत, चुलीपासून न उठता म्हणाल्या, "लोकाइचं मी ऐकतो. तू ने रे बाबू."

मी सोबत गेले. मोहाडीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, एसटीच्या खिडकीशी कौसल्याबाई, मध्ये मी, कडेला भासरे. वाटेत दोन्ही बाजूंना तेच, कडपा आणि पुंजणे. त्या मोठ्या दवाखान्यात रांग होती, आणि रांगेतली माणसं आमच्यासारखीच होती. पदराला भाकरी बांधून आलेली. मी दारात साखळदंड वगैरे बघायला मनाची तयारी करून गेले होते. डॉक्टर आमच्याइतकेच थकलेले दिसले. त्यांनी कौसल्याबाईंना, ताप येतो का विचारावं तसं सरळ, तेच विचारलं जे मी परसात विचारलं होतं. तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. विचारणं पाप नव्हतं. ते म्हणाले, आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल, गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. एकटं सोडू नका, आणि घेरूनही बसू नका. या दोन्ही गोष्टी एका वेळी कशा करायच्या ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर पुष्कळ लोक होते.

गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. तोंड कोरडं पडायचं, झोप अशी यायची की जेवताना मान पडायची. मोहल्ल्यात कुजबूज, नशेच्या गोळ्या देऊन राहिले. मामाजींनी आपल्या समाधानासाठी एका जाणत्याकडून लिंबू आणून उंबऱ्यावर ठेवलं. भासरे उचलून फेकायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. लिंबू लिंबाच्या जागी, गोळी गोळीच्या जागी." गोळ्यांची पुडी त्यांच्या कनवटीला असायची आणि त्या समोर उभं राहून गिळायला लावायच्या. मला पुढे कित्येकांनी विचारलं की नेमका गुण कशानं आला. गोळीनं आला हे मी ठासून सांगते. पण गोळीचा गुण येईपर्यंतचे आठवडे त्या बाईनं काढले कसे, हे मला तेव्हाही कळलं नाही. सकाळी त्या खरंच मला उठवायच्या. खांद्याला बोट लावायच्या, बस्स. मी उठायची, चूल पेटवायची, आणि आम्ही दोघी धुराकडे बघत काहीही न बोलता बसायचो.

राखण मात्र मोडली. मी एकेकीला सांगून आले, येताना आपलं काम घेऊन या. मग पडवीचा रंगच पालटला. कोणी शिवायला गोधडी आणली, कोणी निवडायला लाखोरीची डाळ, गिरजाचं सूप तर होतंच. कौसल्याबाई मध्ये बसायच्या. मनात आलं तर हात लावायच्या, नाहीतर नाही. मामाजीसुद्धा एका दुपारी शेंगांचं टोपलं घेऊन बसले. निम्म्या सोलल्या, निम्म्या खाल्ल्या. सुनेकडे न बघता, शेंगांशी बोलावं तसं म्हणाले, "मले दुसरं येत नव्हतं, पोरी." कौसल्याबाईंनी पदर सावरला.

आता वाटतं, शेजारच्या सुनेला हे सांगायला हवं होतं. की चुकीचं तोंडून जाईल याची भीती बाळगू नको, आमच्या तोंडून काय काय गेलं. विचार त्याला सरळ. ऐकवणार नाही असं उत्तर येईल, तरी ऐक. डॉक्टरकडे ने, रांगेत सोबत उभी राहा. त्याच्या खोलीत बसशील तेव्हा हातात काहीतरी काम असू दे, भाजी निवड, बटण लाव. आणि तू एकटी पुरणार नाहीस, हे पहिल्या दिवशीच मान्य कर. मला ते कळायला अख्खा हंगाम लागला. पण हे सगळं एका दमात सांगितलं तर तोही उपदेशच. फोन करीन म्हणते. ती पोचली की.

चुरणं सुरू झालं तेव्हा पौष लागला होता. खळ्यावर बैल गोल फिरायचे, तणस, धानाचं वाळलेलं काड, उडायचं, अंगभर खाज. एका दुपारी मी घरी आले. त्या वेळेला कौसल्याबाईंजवळ मीच असायची. केसांत तणस, पायांना भेगा, डोळ्यांपुढे काळे ठिपके. त्या पडवीत बसल्या होत्या. मी खांबाला धरून उभी राहिले आणि मला पुढे पाऊल टाकवेना. मी म्हटलं, "बाई, मी थकली. आज माह्याच्यानं बसनं होत नाई."

म्हटलं आणि घाबरले. अशा माणसाला असं सांगतात का? आपण जड झालो, ही तर त्यांची मूळची व्यथा.

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत, पूर्वी माझ्या कापणीकडे बघायच्या तसं. म्हणाल्या, "मंग झोप ना. उभी काहून आहेस घोडीसारखी?"

"आणि तुम्ही?"

त्या भिंतीला हात टेकून उठल्या, पायांना सवय राहिली नव्हती, परसात गेल्या. मी मागे जावं की नको या विचारात तिथेच. मग कुंपणापाशी त्यांचा आवाज आला, घोगरा, मध्येच फाटलेला:

"गिरजे! ओ गिरजे! ये वो इकडं सूप घेऊन. हे विमल झोपून राहिली. मले एकटीनं बसाचं नाई आज."

मागच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. "आली, आली," गिरजा ओरडली, "येतो न बापा!"

मी पडवीत होते तिथेच जमिनीवर आडवी झाले, आणि भर दुपारी झोपले.